कॉफीच्या बियांना अत्तर कशाला?

कडूजहर

भाचा सुट्टीला आला तो अमेरिकेतून हेझलनट कॉफीच्या बियांचं पाकीट घेऊन. कौतुकाने आणलेलं, त्यामुळे नको म्हणवलं नाही. पाकीट फोडल्याबरोबर अख्ख्या घराला बेकरीचा वास. दळली, फिल्टरला लावली, कोरीच प्यायलो. पहिला घोट बरा होता. दुसऱ्यापासून जीभ कॉफी शोधायला लागली. कप कोमट झाला तसा हेझलनट उडाला आणि मागे राहिलं ते भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी.

आता आठ दिवस झाले. ग्राइंडर दोनदा खोलून ब्रशने साफ केला, तरी माझ्या नेहमीच्या चिकमगळूरच्या 'प्लांटेशन ए' प्रतीच्या बियांना तोच वास मारतोय.

माझं म्हणणं एवढंच, की चांगल्या बीला अत्तर लागत नाही. भाजताना कॉफीत शेकडो सुगंधी द्रव्यं आपोआप तयार होतात. ज्या बीत ती कधी नव्हतीच, किंवा होती ती महिनोन्‌महिने पडून उडून गेली, तिलाच बाहेरून वास चोळावा लागतो. पटत नसेल तर बोला.

जायफळपूड

बोलतेच. लहानपणी तुमच्या घरी कॉफी कशी व्हायची? आमच्याकडे दूध उकळत ठेवायचं, साखर, कॉफीची पूड, दोन वेलदोडे, आणि उतरवताना वर जायफळ किसायचं. चहा न घेणारे पाहुणे आले, कुणाचं डोकं दुखलं, परीक्षेचं जागरण असलं की ही कॉफी. (जायफळाने झोप येते म्हणतात आणि आम्ही तीच पिऊन जागायचो, हा वेगळा विनोद.) मराठी घरातली कॉफी पहिल्यापासूनच फ्लेवर्ड आहे. मग जायफळ म्हणजे संस्कार आणि हेझलनट म्हणजे भेसळ, हा न्याय कुठला?

कडूजहर

जायफळ माझ्यासमोर किसतात. किती घालायचं ते मी सांगतो, नको असेल तर नको म्हणतो. पाकिटातल्या बीला लावलेला वास मला काढता येत नाही. आणि रागावू नका, पण ती आपली कॉफी म्हणजे कॉफीचा रंग दिलेलं मसाला दूध.

जायफळपूड

'कॉफीचा रंग दिलेलं'! आमची आजी असती तर तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं.

अरबांकडे वेलची घातलेला गहवा, मेक्सिकोत दालचिनी आणि गूळ घालून मडक्यात उकळलेली कॉफी. जिथे जिथे कॉफी घरात शिरली तिथे तिथे घरातला मसाला तिच्यात पडला. कोरी कॉफी तोंडात घोळवून 'जर्दाळूची छटा आहे' म्हणणारे कालपरवा आले.

भट्टीवाला

बंगळूरच्या एका रोस्टरीत चार वर्षं काढली आहेत, तेव्हा आतलं थोडं सांगतो.

बिया भाजून गार झाल्या की फिरत्या ड्रममध्ये घालतात आणि वरून फ्लेवरचं तेल सोडतात. किलोला साधारण २५-३० ग्रॅम. त्यात वासाचा भाग थोडा, बाकी तो वास धरून ठेवणारं द्रावण, बहुतेक वेळा प्रॉपिलीन ग्लायकॉल. भाजणी मध्यम ठेवतात, कारण फार काळी भाजली तर तिचा कडूपणा फ्लेवरला दाबतो आणि फिकी भाजली तर आंबटपणा मधे येतो.

आता कडूजहर यांचा संशय. मी होतो तिथे तो खरा होता. ज्या मालाचं कपिंग, म्हणजे चव घेऊन केलेली परीक्षा, बरं यायचं तो नुसता विकायचा. जो 'सपाट' निघायचा, म्हणजे वाईट नाही पण सांगण्यासारखंही काही नाही, तो हेझलनटच्या ड्रमकडे. मुदत जवळ आलेला मालही तिकडेच. पण सगळे असंच करतात असं म्हणणार नाही. मालकांचा हिशोब सरळ होता: चवीच्या परीक्षेत शंभरपैकी ८०च्या वर गुण मिळालेली स्पेशॅलिटी बी घ्यायची आणि तिच्यावर व्हॅनिला ओतायचा, म्हणजे पैठणीला रंग देण्यातला प्रकार.

ग्राइंडरबद्दल सहानुभूती आहे. आमच्याकडे फ्लेवरचा ड्रम आणि दळणयंत्र दोन्ही वेगळ्या खोलीत होती, ती याचसाठी.

माटुंगेकर

सगळे हेझलनटवर तुटून पडलेत आणि घरातला चोर मोकळा. चिकोरीबद्दल कुणीच कसं बोलत नाही? ते कॉफीचं बी नव्हे, एका झाडाचं मूळ आहे, भाजून दळलेलं. आपल्याकडच्या नियमाने कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. जवळपास निम्मा डबा मूळ, आणि त्यालाही आपण कॉफीच म्हणतो!

मी स्वतः ८०-२० घेतो. दुकानदार डोळ्यांसमोर पीबेरी (फळात दोनऐवजी एकच गोल बी येते ती) दळतो, वर चिकोरी मोजून घालतो. डिकॉक्शन दाट उतरतं, दुधात पडलं की रंग सुरेख येतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तेही पांघरूणच. कडूजहर, तुमच्या फिल्टरमध्ये किती टक्के?

कडूजहर

पंधरा. पकडलंत.

एडिसनची सून

जानेवारीत सकाळी सहा वाजता बर्फ उपसून, गाडी गरम करून ऑफिसला पोचते तेव्हा पँट्रीत हेझलनटचा जो वास येतो ना, त्यावर माझा दिवस उभा आहे. बी कुठल्या डोंगरावरची आहे हे मला विचारायचं नसतं. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्याला दुधातलं काही कळत नाही असं कुणी म्हणतं का? मग कॉफीलाच हे सोवळं का?

आणि त्यात साखर नसते, हे लक्षात घ्या. बीला लावलेला नुसता वास. सिरप ओतलेल्या मोठ्या ग्लासापेक्षा हे बरं. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांना बिनसाखरेची कॉफी गोड वाटते ती या वासामुळेच.

भट्टीवाला

हा मुद्दा बिनतोड आहे. हा उपयोग माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

परीक्षानळी

चवीवरून कितीही भांडा, पण ते ड्रम फिरवणाऱ्यांची गोष्टही इथे यायला हवी. टेक्सासमधल्या एका कॉफी कारखान्यात फ्लेवर लावण्याच्या खोलीत काम केलेल्या दोघांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला, श्वासनलिकेच्या बारीक फांद्या कायमच्या आक्रसणारा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१३ साली ती प्रकरणं प्रसिद्ध केली. संशय डायअ‍ॅसिटिलवर होता. लोण्यासारखा वास देणारं हे द्रव्य पॉपकॉर्नच्या कारखान्यांत आधीच बदनाम झालेलं होतं.

पण 'बघा, फ्लेवर विषारी' असं म्हणत कुणी हे फॉरवर्ड करू नका. धोका कपातून पिणाऱ्याला नव्हता, बंद खोलीत दिवसभर वाफ ओढणाऱ्याला होता. शिवाय साधी कॉफी भाजताना आणि दळतानाही डायअ‍ॅसिटिल थोडं सुटतंच. म्हणजे शुद्ध कॉफीवाल्यांनीही खिडकी उघडी ठेवावी.

भट्टीवाला

आमच्या त्या खोलीत एक एक्झॉस्ट पंखा होता, तोही निम्मे दिवस बंद. हे आज पहिल्यांदा कळतंय. जरा सुन्न झालो.

उघडं गोदाम

मला मूळ प्रश्नच निसरडा वाटतो. मॉन्सून मलबार घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत बिया पावसाळाभर ओल्या वाऱ्यावर पसरून ठेवतात. त्या फुगतात, पिवळट पडतात, आंबटपणा जवळजवळ निघून जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना महिनोन्‌महिने दमट हवा खाऊन बिया अशा व्हायच्या. प्रवास लवकर संपायला लागल्यावर तिकडच्या गिऱ्हाइकांना तीच चव आठवायला लागली, म्हणून आता मुद्दाम करतात. ही चव बीची की हवेची?

आणि हल्लीचं तर विचारूच नका. भाजण्याआधी बिया आंबवण्याच्या (फर्मेंटेशनच्या) टाकीत कॉफीबरोबर पॅशनफ्रूट, दालचिनी घालतात आणि तीच बी तिप्पट भावाने 'स्पेशॅलिटी' म्हणून विकतात. हेझलनटवाल्याने वास शेवटी लावला, यांनी आधी लावला. एवढाच काय तो फरक.

कडूजहर

टाकीत फळ घातलंय असं पाकिटावर लिहिलं असेल तर माझी हरकत नाही. न लिहिता 'फ्रूटी नोट्स' म्हणत असतील तर तो लबाडपणा.

काल रात्री एक प्रयोग केला. तीन सारखे कप: भाच्याची हेझलनट, माझी प्लांटेशन ए बिनचिकोरीची, आणि त्याच प्लांटेशन एवर किसलेलं जायफळ. तिन्ही कोरे. वास लपावा म्हणून वर बशा झाकल्या आणि वीस मिनिटं गार होऊ दिले. गार कॉफी खोटं बोलत नाही असं म्हणतात. बायकोला नंबर लावायला सांगितलं. पहिली आली नुसती प्लांटेशन ए. दुसरी हेझलनट. जायफळाची शेवटची, 'औषध आहे का हे?' अशा शेऱ्यासह.

जायफळपूड

कोऱ्या कॉफीत जायफळ?! त्याला दूध लागतं हो, सायीसकट. प्रयोग रद्द. पुन्हा करा.

एडिसनची सून

हेझलनट दुसरी आली हे मात्र नोंदवून ठेवा.

माटुंगेकर

ते सगळं ठीक, पण तीन कपांसाठी दळलं कशात? त्याच ग्राइंडरमध्ये?

कडूजहर

...हो.