मदत हवी आहे: स्टेजमागचा तिसरा फ्लॅश ऐनवेळी दगा देतोय

नमस्कार मंडळी. मी सांगलीत लग्नाचे फोटो काढतो. गेल्या रविवारी हरिपूर रोडच्या एका कार्यालयात काम होतं. दोन फ्लॅश स्टेजच्या दोन बाजूंना छत्रीत, २.४ गिगाहर्ट्‌झच्या रेडिओ ट्रिगरवर (कॅमेऱ्यावरून बिनतारी फ्लॅश उडवणारं यंत्र). तिसरा नवरा-नवरीच्या मागे, केसांच्या कडेला उजेड यावा म्हणून. तो जुना आहे, आत रिसीव्हर नाही, त्यामुळे ऑप्टिकल स्लेव्हवर (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की हाही उडतो), एस१ मोडमध्ये, म्हणजे पहिल्याच फ्लॅशला उडेल असा ठेवला.

मुलाकडच्यांचाही फोटोग्राफर होता. त्याने फ्लॅश मारला की माझा मागचा उडायचा, आणि मी बटण दाबेपर्यंत परत चार्ज झालेला नसायचा. अंतरपाट दूर झाला, अक्षता हवेत, नवरीने मान जरा वर केलेली, आणि मागे नुसता काळोख. तो फोटो पुन्हा मिळणार नाही, फार वाईट वाटतंय.

एस२ मोड करून पाहिला. तो पहिला फ्लॅश सोडून दुसऱ्याला उडतो. माझे फ्लॅश मॅन्युअलवर, १/८ पॉवर, प्री-फ्लॅश (मुख्य फ्लॅशआधी उजेड मोजायला उडणारा छोटा फ्लॅश) नाहीच. म्हणजे माझ्या वेळी गप्प, त्या दुसऱ्या फोटोग्राफरच्या टीटीएलला (आपोआप उजेड ठरवणारा मोड, त्यात प्री-फ्लॅश असतो) मात्र हजर! शटर १/२०० होतं, सिंकचा, म्हणजे शटर आणि फ्लॅशची वेळ जुळण्याचा प्रश्न नाही.

जुन्या फ्लॅशला खालून वेगळा रेडिओ रिसीव्हर लावला तर भरवशाचं होईल का? जुन्या फ्लॅशच्या ट्रिगर व्होल्टेजने (फ्लॅशच्या खालच्या जोडणीवर असणारं व्होल्टेज) रिसीव्हर जळू शकतो म्हणतात, ते घरी मल्टिमीटरने कसं तपासायचं? की सरळ तिसराही रेडिओचाच घेऊ? दुसऱ्याचा ट्रिगर त्याच चॅनेलवर असेल तर तुम्ही काय करता?

पुढच्या आठवड्यात साताऱ्यात लग्न आहे. अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.