देवासकट की साधा? गळ्यातल्या क्रुसाचे तुमचे अनुभव लिहा

काल सोनाराकडे गेले होते. भाचीच्या लेकीची येत्या रविवारी पहिली कम्युनियन आहे (चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेणार), तिला साखळीत ओवायला छोटासा क्रूस हवा होता. काउंटरवरचा मुलगा असेल विशीचा. मखमलीचा ट्रे पुढे सरकवत म्हणाला, "मॅडम, देवासकट दाखवू की साधा?"

तिथे मी हसले. बसमध्ये बसल्यावर मात्र आई आठवली आणि स्टॉप चुकला.

१९८२ साल. मी नऊ वर्षांची. बाबा मिलमध्ये. जानेवारीत संप लागला तो पावसाळा आला तरी मिटेना. घरातलं एकेक जात होतं. आधी बांगड्या, मग माझे कानातले, आणि शेवटी आईच्या गळ्यातला क्रूस. येशूची मूर्ती असलेला, तिच्या आईने लग्नात घातलेला. सोनाराने येशूला चिमटीत धरलं आणि क्रुसाची पाठ काळ्या कसोटीवर घासली. पिवळी रेघ उठली, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला. आई इतका वेळ रस्त्याकडे बघत होती. मग काटा. "साडेतीन ग्रॅम. घट धरावी लागेल, जुना दागिना आहे."

येशूसकट साडेतीन ग्रॅम. मला तेव्हा एकच प्रश्न पडला होता, की येशूचे वेगळे पैसे मिळतील का.

पुढच्या बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाची प्रार्थना झाल्यावर बाहेरच्या गाड्यावरून आईने अ‍ॅल्युमिनियमचा क्रूस घेतला आणि काळ्या दोऱ्यात ओवला. नंतर दिवस बरे आले, बाबा म्हणाले सोन्याचा करू. आई म्हणायची, "असू दे, ह्याची सवय झालीये." काळजी लागली की अंगठा तिथेच. २००९ ला गेली तेव्हा त्या येशूला नाक-डोळे काही उरलं नव्हतं, नुसता गुळगुळीत माणसाचा आकार.

ट्रे तसाच ठेवून आले, अजून ठरलं नाहीये. तुमच्या गळ्यातल्याची काय गोष्ट? लिहा. मोठंच लिहा असं नाही.

गिरगावची_पाहुणी
स्टॉप चुकला वाचून पोटात तुटलं गं. माझ्या सासूबाईंचं पण सेम, अंगठा सतत तिथे. भाजी लावलीये गॅसवर, नंतर लिहिते.

विरार_फास्ट
माझा अनुभव वेगळ्याच लाइनचा. क्रूस दिसला की लोक हिंदीत सुरू होतात. काल सकाळी लेडीज डब्यात एक मावशी, टोपली पायाशी. माझ्या गळ्याकडे बघितलं आणि, "आंटी, थोडा सरको ना." मी म्हटलं, "मावशी, सरकायला जागा असती तर मी बसले नसते का?" तिने वर बघितलं. "अगोबाई, मराठी हाय तू!" मग नालासोपाऱ्यापर्यंत करंदीचा भाव.
पंचावन्न वर्षांची झाले, आमच्या सात पिढ्या वसईत, आणि दर महिन्याला कुणीतरी विचारतंच: "तुम्ही मराठी छान बोलता हो, कुठे शिकलात?"

पापलेट_प्रेमी
@विरार_फास्ट मी सांगतो, "दुबईला." मग पुढचा प्रश्न येत नाही.

विरार_फास्ट
😂😂 उद्यापासून हेच.

बोरिवली_गावठाण
आमची आजी कधी क्रूस म्हणाली नाही. "खुरीस" म्हणायची. "खुरीस घाल गो गल्यान, बोडकी नको हिंडू." आमच्या गावठाणात नाक्यावर दगडी क्रूस आहे. १८९६ ला मुंबईत प्लेग आला त्या काळात असे क्रूस गावोगाव उभे राहिले म्हणतात. वांद्रं, गिरगाव, माझगाव कुठेही आतल्या गल्लीत शिरा, एखादा दिसतोच. मे महिन्यात संध्याकाळी तिथे रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, मग उकडलेले चणे. आम्ही चण्यांसाठी जायचो हे उघड गुपित.
आता विषयाचं. आजीचा खुरीस १९९१ च्या उन्हाळ्यात हरवला. बाटली मसाला कुटायला बायका आल्या होत्या, अंगणात मिरच्या, सगळा वाडा शिंकतोय. संध्याकाळी बघते तर साखळी आहे, खुरीस नाही. विहिरीत गळ टाकला, कचरा चाळला, एका बाईवर उगाच संशय पण घेतला (त्याचं आजीला शेवटपर्यंत लागून राहिलं). आणि ऑक्टोबरमध्ये आई चौथी बाटली उघडते, चमचा आत घालते तर टणक. मसाल्यात माखलेला येशू! आजीने तो धुतला, कपाळाला लावला आणि पहिलं वाक्य: "पाच म्हयने तिखटात ऱ्हायला रे बाबा माजा."
त्या बाईकडे त्याच दिवशी एक पूर्ण बाटली घेऊन गेली.

माहेर_माझगाव
तिखटातला येशू 😭 हसू का रडू

पापलेट_प्रेमी
बाटली मसाल्याची रेसिपी टाका ना @बोरिवली_गावठाण. खुरीस वगळून.

बोरिवली_गावठाण
वहिनीला विचारून सांगतो. ती देईल असं वाटत नाही. बिअरच्या तपकिरी बाटल्या किती लागतात तेवढं मी सांगू शकतो, त्या रिकाम्या करायचं काम माझ्याकडे असतं.

नगरची_दादरकर
आम्ही प्रोटेस्टंट, मूळचे नगरचे, त्यामुळे साधा क्रूस. चर्चमध्येही साधाच. लहानपणी कॅथलिक मैत्रिणीच्या घरी भिंतीवर रक्ताचे ओघळ असलेला येशू बघून मी दोन रात्री झोपले नव्हते. आजोबा सांगायचे, आपला क्रूस रिकामा, कारण येशू मेलेल्यांतून उठलाय.

पापलेट_प्रेमी
उठलाय हो, आमचाही उठलाय. पण शुक्रवारी मटण सोडून मासे खायला कारण नको का?

कॅटेकिझमवाली_टीचर
रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो म्हणून लिहिते. कॅथलिक माणसाने साधा क्रूस घालू नये असा काही नियम नाही. दोन्ही चालतात. वेदीजवळ मिस्साच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळी मात्र मूर्तीसह क्रूस लागतोच. आणि मुलांचा आवडता प्रश्न वरच्या पट्टीचा. आय-एन-आर-आय. लॅटिनमधल्या चार शब्दांची पहिली अक्षरं, 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा'. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात आहे, रोमन सुभेदार पिलाताने ही पाटी हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लावली.

माहेर_माझगाव
अय्या टीचर, मी सातवीपर्यंत 'इन्री' वाचायचे. वाटायचं सोनाराचं नाव आहे. आणि सगळ्यांकडे त्याच सोनाराचा माल कसा याचं नवल वाटायचं.

विरार_फास्ट
तीन भाषांत पाटी! म्हणजे दुकानाच्या पाट्यांचा वाद तेव्हापासूनचा.

नाइट_ड्युटी
नर्स आहे, सरकारी नाही, खाजगी. क्रूस आतून, युनिफॉर्मच्या आत सेफ्टी पिनने कुर्त्याला टाचलेला. कारण सांगते. नवीन होते तेव्हा बाहेर लोंबायचा. एक आजोबा, ऑपरेशननंतर भान नव्हतं, मी सलाइन बघायला वाकले आणि त्यांनी साखळी मुठीत पकडली. सोडेनातच. मान वाकलेली, श्वास लागलेला, वॉर्डबॉय येऊन एकेक बोट उघडून सोडवेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. मानेवर आठ दिवस वळ. सकाळी शुद्धीवर आले तेव्हा मला म्हणाले, "बाई, रात्री कुणीतरी मला दोर टाकला होता." मी काय बोलणार.
नंतर कळलं की यावर युरोपात कोर्टकचेरी झालीये. २०१३ चा निकाल. विमान कंपनीतल्या बाई क्रूस दिसेल असा घालण्यासाठी भांडल्या आणि जिंकल्या. त्याच निकालात एक नर्स हरली, कारण साखळी पेशंटच्या हातात येऊ शकते, जंतूंचंही आहे. मला त्या नर्सचं वाईट वाटलं, पण कोर्टाचं पटलं. माझी मान साक्षीला आहे.

गिरगावची_पाहुणी
आले परत. भाजी लागली खाली. @नाइट_ड्युटी दोर टाकला होता 🙏
सासूबाईंचं सांगत होते. त्यांच्या मंगळसूत्रातच क्रूस. काळे मणी, दोन वाट्यांच्या जागी मध्ये क्रूस. माझ्या लग्नात माझ्या माहेरच्यांना (आम्ही हिंदू, रत्नागिरीकडचे) मोठा प्रश्न, की असलं कसं मंगळसूत्र. माझ्या आत्याने तर हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. शेवटी म्हणाली, "काळे मणी आहेत ना? मग झालं." सतरा वर्षं झाली. मी वाट्याही ठेवल्या आणि क्रूसही. सोनाराने घडणावळ डबल लावली.

कॉलेजचा_शहाणा
मी अकरावीत असताना एका कानात क्रूस घालायचो, लोंबता. हिरो दिसतो असं वाटायचं. गॉडमदरने रविवारी मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर सगळ्यांसमोर कान धरला, कानातल्यासकट. "गळ्यात घाल नाहीतर काढ." पुढचं लिहीत नाही.

दहिसर_नाका
गळ्यात रोझरीची माळ घालून फिरणाऱ्या पोरांबद्दल कुणी बोलणार आहे का? ती प्रार्थनेची वस्तू आहे, नेकलेस नाही. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, कलम ११७१ वाचा, आशीर्वादित वस्तूंचा मान राखायचा, मग ती तुमच्या मालकीची का असेना.

पापलेट_प्रेमी
आले वकीलसाहेब.

दहिसर_नाका
नियम सांगितला तर वकील. बरं.

कॅटेकिझमवाली_टीचर
ते बरोबर सांगतायत. पण माझ्या वर्गातला एकजण माळ गळ्यात घालून फुटबॉल खेळतो आणि प्रत्येक गोलला चुंबतो. रोज निदान पाच वेळा तरी येशूची आठवण काढतो. मी त्याला रागवायचं सोडलंय.

पापलेट_प्रेमी
रोज पाच गोल? मग संघात घ्या त्याला.

मालाडचा_नवरा
बायकोच्या वतीने विचारतो. स्टीलचा क्रूस, येशू निखळलाय, फेविक्विकने दोनदा लावला, परत पडला. टाकवत नाही. काय करतात?

माहेर_माझगाव
आशीर्वाद दिलेला असेल तर कचऱ्यात नाही टाकायचा. जाळायचा नाहीतर मातीत पुरायचा. धातू जळणार नाही, म्हणून पुराच.

मालाडचा_नवरा
चौथा मजला. माती कुठली.

माहेर_माझगाव
कुंडी! मी मोगऱ्याच्या कुंडीत पुरला होता. दोन वर्षांनी नातवाने चमच्याने उकरून काढला आणि "खजिना सापडला" म्हणून बिल्डिंगभर. आता तोच मातकट क्रूस त्याच्या कंपासपेटीत आहे. पुरायचं राहूनच गेलं. मोगरा मात्र त्या वर्षी खूप आला, हे आपलं उगाच.

विरार_फास्ट
कुणाच्या साखळीचा फासा सतत उघडतो का? माझा अंधेरीला गर्दीत दोनदा उघडला. एकदा ब्लाउजमध्ये अडकला म्हणून वाचला.

नाइट_ड्युटी
फासा बदलून एस हुक टाक. आणि गर्दीत पदर वरून घे. सोनं आता असल्या भावात आहे की क्रूस आहे म्हणून चोर थांबेल असं काही नाही.

पापलेट_प्रेमी
चोर थांबतो. येशूच्या दोन बाजूंना क्रुसावर दिलेल्या दोन चोरांतला उजवीकडचा, पश्चात्ताप केलेला. ऐकलं नाही का शुभवर्तमान.

कॅटेकिझमवाली_टीचर
उजवीकडचा की डावीकडचा ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. या रविवारी वर्गाला ये.

धागाकर्ती
सगळं वाचलं, दुपारचं जेवण राहिलं. @बोरिवली_गावठाण तुमच्या आजीचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो अजून हसतोय.
आज परत गेले सोनाराकडे. तोच मुलगा. म्हटलं, देवासकट दे. पावणेदोन ग्रॅम. बोटाने चाचपून बघितलं, नाक आहे, दाढी आहे, बरगड्यासुद्धा मोजता येतील. मुलगा म्हणाला, "फिनिशिंग चांगलं आहे ना मॅडम?" म्हटलं, हो, झिजायला बराच वेळ लागेल.
संध्याकाळी भाचीच्या लेकीच्या गळ्यात घालून बघितला. आरशासमोर उभी राहिली, इकडून तिकडून बघितलं आणि पहिला प्रश्न, "आजी, आंघोळीला काढायचा का?"
नाही म्हटलं.
"आणि पोहायला?"

विरार_फास्ट
पोहायला काढा. क्लोरीन.

बोरिवली_गावठाण
वहिनी नाही म्हणाली रेसिपीला. पण बाटली देते म्हणाली, ज्याला हवी त्याने रिकामी आणून द्यायची.