राउटरवरचे दिवे कसे वाचायचे? आईला फोनवरून समजावायचंय, सल्ला हवा

रानवाट
आई घरी एकटी असते, मी लांब. डॉक्टरांशी बोलणं, माझ्याशी व्हिडिओ कॉल, सगळं तिचं नेटवर चालतं. नेट गेलं की ती मोबाइलवरून फोन करते आणि सांगते, "एक लाल लागलाय आणि एक हिरवा उड्या मारतोय." कस्टमर केअरवालेही पहिला प्रश्न हाच विचारतात, कोणता दिवा लागलाय? तिथे ती गोंधळते आणि फोन ठेवून देते.

फायबर कनेक्शन आहे, सगळं एकाच डब्यात. दिव्यांखाली इंग्रजीत लिहिलंय: पॉवर, पॉन, लॉस, इंटरनेट, लॅन १ ते ४, २.४जी, ५जी, डब्ल्यूपीएस, फोन. यातले कोणते बघायचे, कोणते सोडून द्यायचे, आणि तिने स्वतः काय केलेलं चालेल? ती शिकायला तयार आहे, फक्त नेमकं सांगणारं कुणी हवं.

तारजोडणी
आईंना सगळे दिवे पाठ करायला लावू नका. चारच शिकवा, आणि ते याच क्रमाने: पॉवर, लॉस, पॉन, इंटरनेट. डबा सुरू झाल्यावर कामं याच क्रमाने होतात. आधी वीज मिळते, मग फायबरमधून प्रकाश येतो, मग कंपनीच्या टोकाचं यंत्र हा डबा ओळखतं, आणि शेवटी इंटरनेटचं लॉगिन होतं. या रांगेत जो पहिला दिवा नेहमीपेक्षा वेगळा दिसेल, दोष तिथे शोधायचा. त्याच्या पुढचे दिवे तेव्हा काय करताहेत याला अर्थ नसतो.

सर्वात जास्त घोळ होतो तो लॉसचा. बाकीचे दिवे लागलेले चांगले, पण हा विझलेलाच असायला हवा. तो लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोचत नाहीये किंवा फारच क्षीण पोचतोय. बाहेर कुठे फायबर तुटली असेल, घरात कपाटामागे दुमडली असेल किंवा कनेक्टर सैल झाला असेल. अशा वेळी डबा कितीदाही बंद-चालू केला तरी काही होत नाही. आईंनी फक्त एवढं बघावं: डब्यात शिरणारी ती बारीक वायर कुठे चेपली किंवा तीक्ष्ण वळली आहे का. तसं असेल तर ती हलकेच मोकळी करायची. नसेल तर सरळ तक्रार.

एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरायचं नाही. आत लेझरचा प्रकाश असतो, घराकडे येणारा साधारण १४९० नॅनोमीटरचा. तो डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे टोकाला अंधार दिसला म्हणजे आत काही नाही असं समजू नये. टोकाला बोटही लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणा किंवा धुळीचा कण एवढ्यानेही सिग्नल पडतो.

पॉन स्थिर असेल तर कंपनीच्या यंत्राने डबा ओळखला. लुकलुकत असेल तर ओळख पटवणं चालू आहे. डबा नुकताच सुरू केला असेल तर काही मिनिटं हे होणारच. लॉस विझलेला आहे आणि पॉन मात्र लुकलुकतच राहिला, तर एकदा बंद-चालू करून बघावं, तरीही तेच असेल तर दोष बहुतेक कंपनीकडच्या नोंदणीत.

पॉन स्थिर पण इंटरनेटचा दिवा लाल, नारिंगी किंवा विझलेला असेल, तर फायबर ठीक आहे आणि अडलंय लॉगिन. इथे आधी प्लॅन संपला आहे का ते बघा. बऱ्याचदा कारण तेवढंच असतं.

निळी_शाई
वरच्या उत्तरात एक भर. रंगांवर विसंबू नका. एका कंपनीचा डबा ठीक असताना हिरवा दाखवतो, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचा पांढरा. टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत इंटरनेटचा दिवा नारिंगी झाला की केबल जोडलेली आहे पण नेट नाही असा अर्थ होतो, दुसरीकडे त्याच परिस्थितीत लाल लागतो.

म्हणून नेट व्यवस्थित चालू असताना डब्याच्या पुढच्या बाजूचा फोटो काढून तो मोठा छापून भिंतीवर लावा. फोटोत लुकलुकणं दिसत नाही, तेवढं पेनाने बाजूला लिहा. नेट गेलं की आईंनी फोटो आणि डबा शेजारी बघून फरक सांगायचा. कस्टमर केअरलाही असं नेमकं सांगितलं की पुढची प्रश्नावली बरीच कमी होते.

रानवाट
फोटोची कल्पना फार आवडली. लॅन आणि वाय-फायच्या दिव्यांचं काय? आणि एका ओळखीच्यांनी आईला मागच्या छिद्रात पिन घालून रीसेट करायला सांगितलंय. ते करू द्यावं का?

तारजोडणी
रीसेट अजिबात नको. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. पिन साधारण दहा सेकंद दाबून धरली की डब्यातली सगळी सेटिंग पुसली जातात: वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेलं लॉगिनही. काही कंपन्या ते दुरून परत भरतात, पण जिथे तसं नाही तिथे माणूस घरी येईपर्यंत नेट बंद. छिद्रावर कागदी चिकटपट्टी लावून टाका.

लॅनचा दिवा केबलने काही जोडलं असेल तरच लागतो. लुकलुकला तर डेटा ये-जा करतोय, ते चांगलंच. आईंच्या घरी केबल नसेल तर लॅनचे चारही दिवे विझलेले राहतील, त्यात बिघाड काही नाही.

वाय-फायचा दिवा मात्र फसवा आहे. डबा घरात वाय-फाय पसरवतोय एवढंच तो सांगतो. बाहेरची फायबर तुटलेली असली तरी तो छान लागलेला असतो आणि मोबाइलवर वाय-फायच्या रेघाही पूर्ण दिसतात. "वाय-फाय आहे पण नेट नाही" हे ऐकलं की लगेच लॉस आणि इंटरनेट बघायला सांगा.

उंबरठा
पॉवरच्या दिव्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तो मंद झाला किंवा सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत राहिले, तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. जुना अडॅप्टर पुरेसा करंट देईनासा होतो आणि डबा आपोआप रीस्टार्ट होत राहतो. नवा घेताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची ध्रुवता (आतला भाग अधिक की उणे) तीच. हे तिन्ही अडॅप्टरवर छापलेलं असतं.

वीज जात असेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घेऊन द्या. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी हा खर्च मी पहिल्यांदा करेन. मात्र डब्याला लागणारे व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या.

आणि सगळे दिवे विझलेले असूनही नेट चालू असेल तर घाबरू नका. काही मॉडेलांना दिवे बंद करायचं बटण असतं, ते चुकून दाबलं जातं.

रानवाट
अडॅप्टर बघतो. अजून एक विचारतो. बंद-चालू केल्यावर २.४जी लगेच लागतो, ५जी कधीकधी बराच उशिरा. हा बिघाड आहे का? आणि लॉस मध्येच लाल होऊन तासाभराने आपोआप जातो, त्याचं काय?

निळी_शाई
५जीचं: हा वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, मोबाइलच्या ५जीशी याचा संबंध नाही. या पट्ट्यातले काही चॅनेल रडारही वापरतात. असा चॅनेल निवडला गेला तर प्रसारण सुरू करण्याआधी राउटरने किमान मिनिटभर ऐकून रडार नाही याची खात्री करायची असते, काही चॅनेलवर आणखी जास्त वेळ. म्हणून दिवा उशिरा लागतो. बिघाड नाही. आईंची बसायची जागा डब्यापासून दूर किंवा भिंतीआड असेल तर त्यांचा मोबाइल २.४वरच ठेवा, त्याचा पल्ला जास्त.

डब्ल्यूपीएस, म्हणजे वाय-फायचा पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा आकडी पिन देऊन जोडण्याची सोय, शक्यतो सेटिंगमधून बंदच करा. त्याच्या पिन पद्धतीतली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली होती. आठ आकडी पिन असूनही प्रत्यक्षात जेमतेम ११,००० प्रयत्नांत ती सापडू शकते.

तारजोडणी
लॉस ये-जा करतोय हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. पुढच्या वेळी तिथे गेलात की डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल माहिती उघडा, पत्ता डब्याच्या स्टिकरवर असतो. तिथे 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, डीबीएम या एककात दिसेल. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरचा प्रचलित प्रकार) डब्यांसाठी उणे ८ ते उणे २७ ही चालण्याची मर्यादा. आकडा उणे २६, उणे २७च्या आसपास असेल तर सिग्नल काठावर आहे, थोडी कुठे हालचाल झाली की लॉस लागणार. तक्रारीत हा आकडा लिहा आणि लाइनची पॉवर मोजून कनेक्टर बदलून द्या असं स्पष्ट मागा. "नेट कधीकधी जातं" एवढंच लिहिलं तर माणूस नेमका नेट चालू असताना येतो आणि तक्रार बंद करून जातो.