फलनाशी (शुक्राणू व अंडपेशी यांच्या मीलनाशी) निगडित प्रथिने इतकी झपाट्याने का बदलतात?

वैदर्भी (धरमपेठ, नागपूर):
मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. ज्या प्रथिनावाचून जीवाचे चालतच नाही त्यात उत्क्रांती सहसा फेरफार खपवून घेत नाही, असे हिस्टोन या डीएनएला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या उदाहरणावरून आम्हाला शिकवले जाते. मग सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीभोवतीच्या झोना पेलुसिडा या आवरणातील प्रथिने एवढी का बदलली?

जुना मास्तर (महाल):
हिस्टोनचा जोडीदार डीएनए, त्याची घडण बदलत नाही. शुक्राणूचा जोडीदार मात्र सतत बदलत असतो. 2001 साली स्वॉन्सन, यांग, वोल्फनर आणि अक्वाड्रो यांनी निरनिराळ्या सस्तन प्राण्यांतील जनुके ताडून पाहिली, तेव्हा झेडपी2 व झेडपी3 या झोना पेलुसिडातील प्रथिनांच्या काही जागांवर अमिनो आम्ल (प्रथिनाचा घटक) बदलणारे फरक, न बदलणाऱ्या फरकांच्या मानाने जास्त आढळले. म्हणजे निवडीने तेथे बदल नुसता चालू दिला नाही, तर उचलून धरला. कारण बहुधा असे देतात की, आत लवकर शिरण्यात शुक्राणूचा लाभ असतो, पण दोन शुक्राणू शिरले तर भ्रूण वाया जातो, म्हणून अंडपेशीला प्रवेश अवघड करणे भाग पडते. मला हे कारण पटते, परंतु ते एकमेव असावे असे वाटत नाही.

गोठेकर (सेमिनरी हिल्स):
मी पशुवैद्यक आहे. म्हशीच्या बीजकोशातून काढलेली अंडपेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की चरबीमुळे काळसर दिसणाऱ्या गोळ्याभोवती काचेच्या बांगडीसारखे हे आवरण लख्ख दिसते. प्राण्यांच्या निरनिराळ्या जातींमधील फलनाला मोठा अडसर तेथेच असतो. हॅम्स्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडपेशीवरचे आवरण काढून टाकले तर माणसाचा शुक्राणूही तिच्यात शिरतो, हे 1976 मध्येच संशोधक यानागिमाची यांनी दाखवले होते. पुढे शुक्राणूंच्या तपासणीत ती युक्ती वापरलीही गेली.

वैदर्भी:
आभारी आहे, सर. म्हणजे आवरणाच्या आतली प्रथिने तेवढी बदललेली नाहीत, असे समजावे का?

जुना मास्तर:
सरसकट नव्हे. शुक्राणूवरील इझुमो1 हे प्रथिन 2005 मध्ये आणि अंडपेशीवरील त्याचा जोडीदार जुनो 2014 मध्ये ओळखला गेला. हॅम्स्टरचा जुनो माणसाच्या इझुमो1 ला धरतो, म्हणून गोठेकरांनी सांगितलेला प्रकार शक्य होतो. गंमत अशी की जुनो फोलेट-ग्राहकांच्या (फोलेट हे जीवनसत्त्व धरणाऱ्या प्रथिनांच्या) कुळातला असूनही फोलेट धरत नाही. जुन्या घराण्यातल्या सदस्याला येथे निराळेच काम लागले. फलनानंतर साधारण 40 मिनिटांत तो अंडपेशीच्या पटलावरून नाहीसा होतो आणि मागून येणाऱ्या शुक्राणूला चिकटायला जागा उरत नाही. आवरणाकडे पाहाल तर माणसात चार झेडपी प्रथिने आहेत, उंदरात मात्र झेडपी4 चे जनुक मोडून निकामी झाले आहे आणि त्याचे तीन प्रथिनांवर भागते.