रिटायर्ड गुरुजींना परत वर्गावर बोलवावं का? माझं मत: हो

खडूडस्टर: २०२३ च्या जुलैत जीआर निघाला होता बघा, झेडपी शाळांच्या रिकाम्या जागांवर रिटायर्ड शिक्षक घ्यायचे, महिना २० हजार, वय ७० पर्यंत, आणि पवित्र पोर्टलची, म्हणजे सरकारची ऑनलाइन शिक्षकभरती होईपर्यंतच. केवढी बोंबाबोंब झाली तेव्हा! मला तो निर्णय बरोबर वाटला होता, आजही वाटतो. जाहिरात, कोर्ट, आचारसंहिता करत करत भरती येते तोवर पहिलीतलं पोर तिसरीत जातं आणि जोडाक्षर आलं की अडतं. आमच्या गल्लीतल्या बाई रिटायर झाल्यावरही ओसरीवर पोरं बसवायच्या, कुणी 'प्रकाश'चं 'परकाश' वाचलं की फरशीवर खडूने मोठा प काढून त्याच्या पायाशी तिरकी रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, हा बघ र इथं लपलाय. हे डीएडच्या पुस्तकात नसतं.

टेटवाला: दादा ओसरीवर शिकवणं वेगळं आणि जागा अडवणं वेगळं. पहिली टेट, म्हणजे शिक्षकभरतीची अभियोग्यता परीक्षा (TAIT), २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, मधली वर्षं आम्ही काय खाल्लं? आणि हिशोब तर बघा, ज्याला पेन्शन चालू त्याला वर २० हजार, आणि नवीन शिक्षक लागला की आधी शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं १६ हजार!! तेही २०२३ ला वाढवले, आधी ६ होते.

खडूडस्टर: १६ कमीच आहेत, पण ते भांडण सरकारशी ना, म्हाताऱ्या मास्तरांवर कशाला राग? ते तात्पुरतेच येणार होते.

टेटवाला: तात्पुरते? मग २०२४ च्या सप्टेंबरात काय निघालं होतं? शाळेत पोरं २० किंवा कमी असतील तर दोनातला एक शिक्षक कंत्राटी, १५ हजारात. एकदा स्वस्तात काम भागतं कळलं की पुढचं पाऊल हेच असतं.

पेन्शनर गुरुजी: वयाच्या ५८ ला रिटायर झालो, म्हणून बोलतो. जागा रिकाम्या असतात भामरागड, धडगावकडे, आणि आमच्यातला जो तो मागणार घराजवळची शाळा, बीपीच्या गोळ्या घेऊन डोंगर कोण चढतंय. शिवाय शिकवायला म्हणून बोलावतील आणि हातात देतील पोषण आहाराचं रजिस्टर, यू-डायसची शाळेची माहिती भरणं, मतदारयाद्या. ते जन्मभर केलं, आता नको. वाचन-गणिताचे रोज दोन तास द्या, मस्टरवर सही नको, २० हजार पण नकोत, उद्यापासून येतो.

तिसरीची आई: गुरुजी, तुम्ही याल हो, पण दोन तासांनी आमचं कसं भागणार? आमच्याकडे चार वर्ग आणि एकच सर, ते मीटिंगला गेले की पोरं घरी. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६० पोरांपर्यंतसुद्धा दोन शिक्षक लिहिलेत, दुसरा कुठाय? मला ६५ चे चालतील, २५ चे चालतील, वर्गात माणूस पाहिजे.

टेटवाला: ताई २५ वाला तयार बसलाय, बोलवतच नाहीत.

खडूडस्टर: मग असं करा की, भरतीची तारीख आधी जाहीर करायची, रिटायर्ड लोकांची ऑर्डर त्या तारखेला आपोआप संपली पाहिजे, भरती होवो न होवो. मग तर चालेल?

टेटवाला: पोर्टलची तारीख?? 😂 लेखी आणा, पहिला पाठिंबा माझा.