केग्विनचं बंड: पगाराचं भांडण की मुंबईतलं पहिलं राजकारण?

माझगावचा_मध्या
मुंबईच्या सुरुवातीचा विषय निघाला की सगळं श्रेय ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या खात्यावर जमा होतं. १६७२चं न्यायालय, जातवार पंचायती, भंडाऱ्यांची मिलिशिया, वर्षाला २०,००० झेराफिनच्या (पोर्तुगीज नाणं) बदल्यात जमीनदारांना दिलेली जमिनीच्या हक्काची हमी... मान्य. पण १६७४ मध्ये पगारावरून शिपाई बिथरले तेव्हा याच ऑन्जियरच्या राज्यात एका कॉर्पोरलला गोळी घातली गेली, ते कुणी सांगत नाही.

माझ्या मते खरा राजकीय सवाल टाकला तो कंपनीच्या फौजेचा कप्तान रिचर्ड केग्विनने. २७ डिसेंबर १६८३ला त्याने डेप्युटी गव्हर्नर वॉर्डला कैद केलं आणि बेट दुसऱ्या चार्ल्सच्या नावाने ताब्यात घेतलं. बेट राजाचं, की वर्षाला १० पौंड भाडं भरणाऱ्या कंपनीचं? पुढे जवळपास अकरा महिने मुंबईत कंपनीचा हुकूम चालला नाही.

हिशेबनीस
असहमत. लंडनहून कंपनीचा प्रमुख जोसाया चाइल्डने खर्चाला कात्री लावली, केग्विनचा पगार आणि मान दोन्ही घसरले, म्हणून गडी पेटला. राजाचं नाव ही सोयीची ढाल. कंपनीविरुद्ध उठलो तरी राजद्रोही नाही, एवढाच त्याचा उपयोग. नोव्हेंबर १६८४ मध्ये राजाचा हुकूम घेऊन सर टॉमस ग्रँथम आला, माफीचं वचन मिळालं आणि किल्ला परत! कसला सवाल नि काय.

माझगावचा_मध्या
बेट राजाचं म्हणणारा माणूस राजाच्या माफीवर किल्ला सोडतो, यात विसंगती कुठे आहे?

पगाराचं भांडण होतंच. पण मोगलांचा आरमारी सरदार सिद्दी, त्याचं काय? पावसाळ्यात जंजिऱ्याचं आरमार माझगावला मुक्काम ठोकायचं, त्याची माणसं रयतेला छळायची आणि कंपनीचे सुरतेचे साहेब मोगल नाराज होतील म्हणून गप्प. केग्विनने बजावलं, पाणी भरण्यापुरतंच या. शिवाय संभाजीराजांकडे वकील पाठवून व्यापाराच्या सवलती मिळवल्या. १६७९ला खांदेरीपाशी हाच मराठी आरमाराशी लढला होता, हे लक्षात घ्या.

शिवडीची_सई
दोघेही गोऱ्यांच्या भाऊबंदकीत रमलात. ऑन्जियरच्या काळात बेटाची वस्ती दहा हजारांवरून साठ हजारांवर गेली असं म्हणतात. त्यात इंग्रज मूठभर, आणि तेही पटापट मरणारे. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' ही त्यांचीच म्हण. बेट कुणाचं, हे कोळी-भंडाऱ्यांना कुणी विचारलं होतं?

मला केग्विनपेक्षा नीमा पारेख मोठा वाटतो. दीवचा वाणी. १६७७ मध्ये मुंबईला यायच्या आधी त्याने कंपनीपुढे अटी ठेवल्या: घर-वखारीला फुकट जागा, धर्मात ढवळाढवळ नाही, प्रेतं आपल्या रिवाजाप्रमाणे जाळू, कुणाला जबरदस्तीने ख्रिस्ती करायचं नाही, पहाऱ्याची पाळी नाही, ओझी वाहायची सक्ती नाही. शेवटच्या दोन पुन्हा वाचा. एवढ्या बड्या व्यापाऱ्याला हे आधी ठरवून घ्यावं लागलं, तर ज्यांच्यापाशी भांडवल नव्हतं त्यांच्या डोक्यावर काय येत असेल?

हिशेबनीस
सईचा मुद्दा बिनतोड. मध्या, तुझ्या सिद्दीचा हिशेब मात्र पुढे चुकता झाला. १६८९ला सिद्दी याकूतखान शिवडीला उतरला, माझगाव घेतलं, इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. औरंगजेबापुढे नाक घासून दीड लाख दंड कबूल केला, तेव्हा कुठे १६९०च्या जूनमध्ये तो हलला. म्हणजे सुरतवाले भित्रे नव्हते, आपली ताकद ओळखून होते.

माझगावचा_मध्या
अहो, मोगलांची जहाजं धरून ते संकट ओढवलं कुणी? सुरतेचाच साहेब, जॉन चाइल्ड! हीच का ती ताकद ओळखणारी माणसं? केग्विन तेव्हा इथे नव्हताच. तो १६९०ला वेस्ट इंडीजमध्ये, सेंट किट्सच्या हल्ल्यात, राजाच्या चाकरीत मेला.

सई, नीमा पारेखवर वेगळा धागा काढ. तिथे मी तुझ्या बाजूने.