मदत हवी आहे: मुलांच्या मारबतीच्या फिल्ममध्ये डीजेचं गाणं घुसलंय, महोत्सवाला पाठवायची कशी?

इतवारीवाली:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी आठवीत आहे. ती, तिच्या वर्गातल्या दोघी आणि माझा सहावीतला भाचा, अशा चौघांनी यंदाच्या मारबतीवर फिल्म केली आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इकडे काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे गेलं असेल त्याचे पुतळे. महागाई, खड्डे, काहीही. दोन्ही मारबती नेहरू पुतळ्याजवळ भेटतात आणि शेवटी त्यांना जाळतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' हे तर पोट्टे पाळण्यातच शिकतात.

फिल्ममध्ये भाचा वही घेऊन गल्लीभर फिरतो आणि प्रत्येकाला विचारतो, मारबतीने तुमचं काय घेऊन जावं? दूधवाला म्हणतो उधारी. टेलर म्हणतो लाईट जाणं. माझ्या सासूबाई म्हणतात, 'गुडघे.' भाचा विचारतो, गुडघेदुखी ना आजी? त्या म्हणतात, 'नाही रे, गुडघेच घेऊन जा म्हणावं.'

आता अडचण. मिरवणुकीच्या रस्त्यावर आमच्या नात्यातलं दुकान आहे, त्याच्या ओट्यावर उभी राहून मुलीने मोबाईलवर शूट केलं. पिवळी मारबत समोर आली तेव्हाच लेन्सवर गुलाल उडाला. तिने ओढणीने पुसला, रेकॉर्डिंग चालूच. त्यामुळे पडदाभर आधी नुसतं लाल, मग ओढणीचं निळं कापड आणि कापड सरकताच एकदम पिवळा चेहरा, मोठाले डोळे. ठरवून केलं असतं तर जमलं नसतं. पण त्या सगळ्या शॉटखाली डीजेवर एक नवं हिंदी गाणं दणदणतंय. अख्खं.

शालेय वयाच्या मुलांचा एक चित्रपट महोत्सव आहे, तिथे पाठवायची आहे. श्रेयनामावलीसकट दहा मिनिटं, परवानगीशिवाय कुणाचंही संगीत नको, इंग्रजी सबटायटल हवेत आणि दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन मुलांनीच केलेलं हवं, अशा अटी आहेत. फिल्म सध्या पावणेबारा मिनिटांची आहे. शिवाय मुलाखतींमध्ये ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. सुरुवातीला ठीक असतं, दोन मिनिटांनी बिघडत जातं. मी लग्नाआधी दोन वर्षं लग्नांचे व्हिडिओ एडिट केलेत, म्हणून मुलगी मागे लागली आहे की तूच कापून दे. दहा दिवस हातात आहेत. काय करू?

तर्री_मारके:

काय भारी विषय निवडला पोट्ट्यांनी! गाण्याचं टेन्शन घेऊ नका ताई. सात सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालते म्हणतात. तेवढंच ठेवा.

सांडगी_मिरची:

दादा, हे सात सेकंदांचं कुठून आलं देव जाणे, पण प्रत्येक कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांचा हिशेब कुठेच नाही.

ताई, गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात हे धरून चला. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे रेकॉर्ड जुनी झाली तरी गाणं मोकळं झालं असं नाही. तुमचं तर नवंकोरं आहे, त्याला फिल्ममध्ये वापरायचं तर म्युझिक कंपनीचा परवाना हवा. आठवीतल्या मुलीला दहा दिवसांत तो मिळणं नाही. रस्त्यावर वाजत होतं, आम्ही वाजवलं नाही, हा मुद्दा माणूस म्हणून पटतो, पण फॉर्मवर 'सर्व संगीताची परवानगी आहे' यापुढे टिक करायची असते ना? तिथे खोटं लिहायला मुलांना शिकवू नका. आणि यूट्यूबने व्हिडिओ उडवला नाही म्हणजे परवानगी मिळाली, असंही नसतं.

मारबतीची आरोळी परंपरेतली आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. मात्र दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलेली आरोळी नेटवरून उचलू नका, ते रेकॉर्डिंग त्याचं असतं.

टाळीवाला:

आवाज मागे पडण्याचा रोग ओळखीचा आहे. मोबाईल दर सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं नुसतं म्हणतो. उजेड कमी झाला की तो २७-२८ वर येतो, पुन्हा वर जातो. संकलनाचं सॉफ्टवेअर मात्र ३० धरून बसतं. आवाजाची पट्टी बरोबर असते, चित्र घसरत जातं. मुलाखती घरात घेतल्या असणार, खिडकीजवळ नाही, बरोबर?

हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. प्रत्येक क्लिप त्यातून काढा, व्हिडिओच्या पानावर व्हेरिएबलऐवजी कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडा आणि ३० द्या. मग नव्या क्लिप टाइमलाइनवर घ्या. आधीचं कापलेलं पुन्हा जुळवावं लागेल, त्याला इलाज नाही. पुढच्या वेळी प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगा. माझं नाव त्यावरूनच पडलं आहे.

डीजे काढून फक्त लोकांचा आवाज ठेवणारी ॲप मिळतात, पण बेसचा दणका मागे राहतोच आणि माणसं डब्यात बोलल्यासारखी वाटतात. त्यापेक्षा त्या शॉटचा आवाज पूर्ण काढा.

इतवारीवाली:

घरातच घेतल्या, ट्यूबलाईटमध्ये. कमाल आहे तुमची.

आवाज पूर्ण काढून पाहिला. मुलगी म्हणाली, 'आई, मारबत मुकी झाली.' खरंच तसं वाटतं.

फुटाळ्याचं_पाणी:

मुकी कशाला ठेवता? घरी सगळ्यांना जमवा आणि आरोळी रेकॉर्ड करा. एका मोबाईलवर जवळून, दुसरा बाहेरच्या खोलीत ठेवून. दोन्ही थर एकावर एक टाकले की गर्दी वाटते. पण त्या आजींचा आवाज वेगळा घ्या, एकटा. गुलाल पुसला जातो तिथे सगळे आवाज बंद आणि चेहरा आला की फक्त आजी.

संकलनाबद्दल स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळांच्या फिल्म स्पर्धांसाठी मी दोनदा परीक्षक म्हणून बसले आहे. मोठ्यांचा हात लगेच कळतो. मुलाने कापलेली फिल्म कुठेतरी अडखळते, नको तिथे लांबते, आणि मध्येच असं काही करते की आपण खुर्चीत सरकून बसतो. मोठ्यांनी कापलेली सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुळगुळीत असते, दु:ख आलं की पियानो वाजतो. तुम्ही शेजारी बसा, बटण कुठलं ते सांगा, पण हात मागे बांधून. माऊसला हात लावायचा नाही. पावणेदोन मिनिटं कुठून काढायची हे त्यांनाच भांडू द्या.

तर्री_मारके:

सात सेकंदांबद्दल माफी. आमच्या ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगत होता.

एक विचारतो, हैदराबादला सरकारी बालचित्रपट महोत्सव व्हायचा, सुवर्णहत्ती मिळायचा. तिकडे पण पाठवता येईल का?

सांडगी_मिरची:

तो बाल चित्रपट समितीचा. समिती १९५५ ची, २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. त्यामुळे जुन्या पानांवर फॉर्म शोधत बसू नका, एनएफडीसीच्या घोषणा बघा. आणि कुठेही पाठवण्याआधी एक बघा: मोठ्यांनी मुलांसाठी केलेल्या फिल्म आणि मुलांनी स्वत: केलेल्या फिल्म हे वेगळे विभाग असतात. हैदराबादला मुलांच्या फिल्मसाठी 'लिटल डायरेक्टर्स' असा वेगळा विभाग होता. इटलीत १९७१ पासून चाललेल्या जिफोनीत मुलं ज्युरी असतात, पण फिल्म मोठ्यांच्या. चुकीच्या खान्यात पडली तर मुलांची फिल्म मोठ्या दिग्दर्शकांशी लढत बसते आणि फी जाते ती वेगळी.

ज्यांचे चेहरे जवळून दिसतात त्यांची लेखी परवानगी घ्या. चौघांच्या पालकांच्या सह्याही. दूधवाल्याची घ्यायला विसरू नका, तोच सगळ्यात जास्त दिसणार.

इतवारीवाली:

आठ दिवसांनी उगवले, उशिराबद्दल माफ करा.

हँडब्रेकने काम केलं, ओठ आणि आवाज एकत्र आले. हात मागे बांधून बसणं मात्र लग्नातल्या फेऱ्यांपेक्षा अवघड गेलं. भाच्याने टेलरची अख्खी मुलाखत उडवली, माझी सगळ्यात आवडती. कारण विचारलं तर म्हणे, 'मामी, ते काका कॅमेऱ्याकडे पाहून हसून राहिले, खोटं वाटते.' मी गप्प. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर आली.

आरोळी स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली, अकरा माणसं आणि एक परात. सासूबाईंचा आवाज वेगळा घेतला. त्यांनी पहिल्याच खेपेला इतक्या जोरात दिली की शेजारच्या काकू दार उघडून आल्या, कुणाला काय झालं म्हणून. त्यांचं 'अगंबाई' पण रेकॉर्ड झालं, आणि ते काढायचं नाही असं चौघांनी ठरवलं आहे. दूधवाल्याने सही दिली, उधारी फेडण्याच्या अटीवर.

आता अडलंय एकाच ओळीवर. 'घेऊन जा गे मारबत' मधला 'गे' इंग्रजीत कसा आणायचा? भाच्याने तिथे 'प्लीज' लिहिलंय. मुलगी म्हणते, मारबतीला कोणी प्लीज म्हणते का? सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, 'गे म्हणजे गे.' उद्या रात्री बारापर्यंत फॉर्म उघडा आहे. कुणाला सुचलं तर लवकर सांगा, इकडे भांडण चालू आहे.